जागेचा रकाना

हौशी : मुंबई हे बेट आहे, हे मला पन्नाशी ओलांडल्यावर कळलं. शाळेत सात बेटांची नावं घोकली होती: कुलाबा, धाकटा कुलाबा, मुंबई, माझगाव, परळ, वरळी, माहीम. वरळी आणि मुंबईच्या मधलं पाणी 1780च्या दशकात हॉर्नबीच्या बांधाने अडलं, 1845मध्ये माहीम वांद्र्याला जोडलं गेलं, हेही पुस्तकात होतं. पण ती माहिती पायांपर्यंत कधी पोचली नाही. ती पोचली हातात गळ आल्यावर. नुसता फिरायला जाणारा माणूस कठड्याच्या अलीकडून क्षितिजाकडे बघतो आणि घरी जातो. गळ टाकायचा म्हटलं की क्षितिज सोडून पायाखाली बघावं लागतं. खडक कुठे संपतो, पाणी कुठे गडद होतं, ओढ कुठल्या अंगाला आहे, फेस कुठे नुसताच फिरत राहतो. त्या फिरणाऱ्या फेसाच्या कडेला करकरा मासा असतो, आणि खडकाच्या कपारीत हेकरू. हे शोधत शोधत मी वरळी ते हाजी अली, हाजी अली ते ब्रीच कँडी, पलीकडे वांद्र्याचा बँडस्टँड, कार्टर रोडच्या खालचा खडक असा तुकड्या-तुकड्याने किनारा चाललो. आणि वेळ माझी नव्हती. तिथीची पाऊणपट केली की भरतीचा तास येतो, हे मला एका म्हाताऱ्या गळवाल्याने शिकवलं. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणून भरती सहाच्या सुमाराला. पौर्णिमेला सव्वाअकरा, प्रत्यक्षात जरा पुढे सरकते. म्हणजे पुनवेची आणि अवसेची ओहोटी सकाळ-संध्याकाळ, सहाच्या आगेमागे. उधाणाला इथलं पाणी साडेचार-पाच मीटर खाली-वर होतं. दोन मजली घराएवढा समुद्र दिवसातून दोनदा बाजूला होतो आणि त्याखालची जमीन तुम्हाला तीन तास देतो. ज्या शहरात कुणी कुणाला तीन मिनिटं देत नाही तिथे हे घडतं, ताई, आणि बहुतेक मुंबईकर ते न बघताच मरतात. मला त्याचं दुःख होतं.

साशंक : काका, तुमचं दुःख खरं आहे, मी त्याला नावं ठेवत नाही. पण तुम्ही जिला नवी सापडलेली जमीन म्हणता, तिच्यावर माझी आई चाळीस वर्षं चालली. वरळी कोळीवाड्यातून उतरायची, एका हातात टोपली, दुसऱ्या हातात कालवं फोडायचं लोखंड. पाऊणपट तिला कुणी शिकवली नाही. आमच्या घरात स्वयंपाकाची वेळच त्यावर असायची. उधाणाच्या चार दिवसांत पहाटे घर रिकामं आणि भांगाच्या, म्हणजे पाणी फारसं न उतरणाऱ्या, दिवसांत आई घरी, एवढं आम्हा मुलांना पुरेसं होतं. ती त्याला कधी फिरणं म्हणाली नाही, चालणंही म्हणाली नाही. ‘खडपावर जाते’ म्हणायची. तुमच्या जाण्याला छंद हे नाव आहे, त्यावर लेख निघतात. तिच्या जाण्याला नावच नव्हतं, म्हणून ते कुणाला दिसलं नाही. माझी पहिली शंका इथे आहे. जो माणूस आपल्या आवडीने किनाऱ्यावर येतो, त्याच्या आवडीभोवती किनारा बदलायला लागतो. आज एक जण गळ घेऊन येतो, उद्या वीस येतात, परवा त्यांना पाय घसरू नये म्हणून पायऱ्या लागतात, मग दिवे, मग बाकडी. समुद्र आवडणाऱ्या माणसांनीच समुद्राला कठडा मागितला आहे. दुसरी शंका साधी आहे. तुम्हाला त्या माशाची गरज नाही. तुमच्या घरी फ्रिज आहे आणि बाजार दहा मिनिटांवर आहे. मग ज्या कपारीत एकच हेकरू राहतो, तिथला तो हेकरू तुम्ही का काढावा?

हौशी : दुसरीचं उत्तर मागून देतो, कारण ते मला जड जाणार आहे. पहिलीबद्दल बोलतो. एकदा ठरवलं होतं, मुंबई बेटाला पूर्ण फेरी मारायची, पाण्याच्या कडेकडेने. चार रविवार घालवले. पश्चिमेला वरळीपासून दक्षिणेकडे निघालो तर मलबार हिलच्या टोकाला राजभवन. तिथे वाट बंद. गिरगाव चौपाटी मोकळी, मरीन ड्राइव्हला चौपायी काँक्रीटचे ठोकळे. त्यांच्यावर उड्या मारत गळ टाकता येतो, पण तिथे किनारा असा उरलाच नाही. कुलाब्याचं टोक नौदलाकडे. पूर्वेला वळलो तर ससून डॉक. 1875चा, आजही पहाटे तिथे मासळी उतरते, पण हातात रॉड घेतलेल्या माणसाला तिथे काही काम नाही. मग गोद्या, भिंती, फाटकं, रखवालदार. भाऊचा धक्का तेवढा उघडा. शिवडीला चिखल आणि फ्लेमिंगो, त्यांच्या डोक्यावरून 2024पासून अटल सेतू. आणि उत्तरेला माहीमची खाडी, जिथे मिठी नदी येते. तिच्यात मी गळ टाकला नाही आणि कुणी टाकू नये. या चार रविवारांत मला कळलं ते एवढंच: या बेटाची कडा कधीच सगळ्यांची नव्हती. जिथे सैन्य नाही, गोदी नाही, बंगला नाही, तिथेच ती उरली, आणि तिथे कोळीवाडे होते आणि खडक होते. मग तुमच्या आईची जागा आणि माझी जागा एकच का आली? दोघांनाही उरलेलंच मिळालं. आणि कठडा मी मागितला नाही. कठड्याआडून चालणं आणि खडपावर चालणं या दोन निराळ्या गोष्टी आहेत. कठड्याच्या वाटेवर भरती असो ओहोटी असो, पाऊल सारखंच पडतं. खडपावर दर पावलाला विचारावं लागतं.

साशंक : तुम्हाला तो फरक कळतो. ज्यांच्या हातात आराखडा असतो त्यांच्या लेखी तो नाही. किनारी रस्ता झाला, प्रिन्सेस स्ट्रीटपासून वरळीला सागरी सेतूच्या टोकापर्यंत, साडेदहा किलोमीटर. त्यासाठी 100 हेक्टरहून जास्त समुद्र भरला. 2019च्या जुलैत उच्च न्यायालयाने परवानगी रद्द केली, डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाने त्या निकालाला स्थगिती दिली, काम पुढे गेलं. आणि या सगळ्या काळात लोकांना सांगितलं काय? की समुद्राकाठी चालायला मोठी मोकळी वाट मिळेल. ती मिळाली आहे, लोक संध्याकाळी तिथे चालतात, मुलं सायकली फिरवतात, त्यांच्या आनंदावर माझा राग नाही. पण ज्या जागी माझी आई कालवं फोडायची त्यातला एक भाग त्या भरावाखाली आहे. म्हणजे चालण्याच्या जागेनेच चालण्याची जागा गिळली. तुमच्या शब्दांत सांगायचं तर, विचारत चालायची जागा गेली आणि न विचारता चालायची आली. आता सांगा, लोकांना समुद्राकाठी चालायला आवडतं हे तुम्ही जितकं लिहाल, तितका फायदा कुणाला होईल?

(इथे मला, लिहिणाऱ्याला, राहवत नाही म्हणून मध्ये येतो. या किनाऱ्यावर एक वाट अशी आहे जी अजून विचारतच चालावी लागते: हाजी अलीच्या दर्ग्याची. मोठ्या भरतीला ती पाण्याखाली जाते आणि माणसं काठावर थांबतात. व्यापारी, भिकारी, नवस फेडायला आलेली बाई, सगळी एका रांगेत पाणी उतरायची वाट बघतात. समोर कोट्यवधींचा रस्ता धावत असताना ही माणसं थांबलेली असतात. या दोघांच्या भांडणात मी कुणाच्या बाजूला आहे हे मला अजून ठरवता आलेलं नाही. पण ती वाट कायमची उंच करू नये, एवढं मला पक्कं वाटतं.)

हौशी : फायदा कुणाला होईल हे मी ठरवू शकत नाही. पण ज्ञानाचा उपयोग झाल्याचं तुमच्याच वरळीत मी पाहिलं आहे. त्या रस्त्याच्या पुलाचे खांब क्लीव्हलँड बंदराच्या तोंडाशी साठ-साठ मीटरवर येणार होते. कागदावर साठ मीटर म्हणजे भरपूर, होडी केवढीशी! पण कोळी म्हणाले, इथे पाण्याखाली खडक आहेत, ओढ आडवी लागते, वारा बाजूने असला की होडी सरळ जातच नाही, ती सरकत जाते. त्यांनी 160 मीटर मागितले. काम अडवून धरलं. अखेर 120 मीटर मिळाले. ठरलेला एक खांब गाळावा लागला. ही गोष्ट मी किती जणांना सांगितली असेल! कारण तिथे जिंकली ती माहिती, पायाखालची आणि वल्ह्याखालची. तसंच प्रवाळाचं. हाजी अली आणि वरळीच्या खडकावर जिवंत प्रवाळ आहे हे कितीतरी शिकल्यासवरल्या माणसांना खोटं वाटायचं. मुंबईच्या समुद्रात प्रवाळ? 2017पासून ‘मरीन लाइफ ऑफ मुंबई’वाले लोकांना ओहोटीला खडकांवर न्यायला लागले, समुद्री गोगलगायी, ऑक्टोपस, फुलांच्या गालिच्यासारखे पसरलेले जीव दाखवायला लागले. म्हणजे चालणाऱ्यांनीच ते दाखवलं. रस्त्याच्या वाटेत आलेल्या प्रवाळाच्या 18 वसाहती 2020मध्ये उचलून दुसरीकडे लावाव्या लागल्या. पाहणारे डोळे नसते तर त्या भरावाखाली गेल्या असत्या आणि कुणाला पत्ताही लागला नसता.

साशंक : प्रवाळ का उचललं ठाऊक आहे ना? वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत ते आहे, वाघाच्या शेजारी. कायदा त्याला नावाने ओळखतो. त्याच खडकावर, प्रवाळाच्या हातभर अंतरावर कालवं होती. त्यांना कुणी उचललं नाही, कारण कालव कुठल्या अनुसूचीत नाही. मी प्रवाळाच्या विरोधात नाही. पण पाहणारा काय पाहतो यावर काय वाचतं हे ठरतं, आणि शहरातून आलेला माणूस आधी सुंदर ते पाहतो. कालव सुंदर दिसत नाही. करडं, धारदार, पायाला कापणारं. ते खाणाऱ्या बाईला महत्त्वाचं. आणि त्या बाईचं काय? होडीचा परवाना असतो, जाळ्याची नोंद असते. हाताने वेचायला परवाना लागत नाही, म्हणून वेचणाऱ्या बाईकडे कागदही नसतो. पुलाच्या खांबांसाठी पुरुष भांडू शकले, कारण होडी दिसते, खांबाला होडी आपटेल हे चित्र काढून दाखवता येतं. टोपली घेऊन वाकलेल्या बाईचं चित्र कुठल्या नकाशात काढणार? किनारा नियमनाच्या भाषेत भरती-ओहोटीच्या मधल्या पट्ट्याला ‘एक-ब’ म्हणतात. आईला मी ते एकदा सांगितलं. ती म्हणाली, ‘एक-ब म्हणजे कुठलं खडप?’ तिच्याकडे प्रत्येक खडपाला वेगळं नाव होतं.

हौशी : ती नावं तुम्हाला येतात?

साशंक : काही येतात. सगळी नाहीत.

हौशी : मग आता तुमच्या दुसऱ्या शंकेकडे येतो, जी मला जड जाणार होती. मी मासा का काढतो? खूप वर्षं मी स्वतःला सांगायचो की गळ हे सगळ्यांत सौम्य हत्यार आहे. ट्रॉलर समुद्राचा तळ खरवडतो, डोल जाळ्यात जे येईल ते येतं, गळाला एका वेळी एक मासा. लहान निघाला तर मी सोडून देतो. राज्य सरकारनेही आता 50हून जास्त जातींची किमान लांबी ठरवून दिली आहे, त्याखालचा मासा धरू नये म्हणून. आणि 2023मध्ये पापलेट राज्यमासा झाला, तोही तो कमी होत चालला म्हणूनच. तेव्हा मी नियमाच्या आत आहे. पण नियमाच्या आत असणं म्हणजे उत्तर नव्हे, हे मला एका संध्याकाळी कळलं. कपारीत अडकलेली माझीच जुनी दोरी सापडली. नायलॉनची, वर्ष-दीड वर्षापूर्वी तुटलेली, शिशासकट. तिच्यात एक चिंबोरी गुंतून मेलेली होती. मी त्या दिवशी गळ टाकला नाही. त्यानंतर मी दर वेळी तुटलेली दोरी शोधतो, ओहोटीला परत जाऊन काढतो. माझी आणि दुसऱ्यांचीही. पण दर वेळी मिळत नाही.

साशंक : लहान मासा सोडता ते ठीक. मोठाही सोडता?

हौशी : कधी कधी. फोटो काढून सोडतो.

साशंक : ते मला कधी पटलं नाही, काका. तुम्हाला वाटेल मी उलटं बोलते आहे, आत्ताच तर मासा का काढता म्हणून विचारत होते. पण माझ्या आईला तुम्ही हे सांगितलंत, की एक माणूस माशाच्या तोंडात गरी घालून त्याला वर काढतो, बघतो, आणि परत टाकतो, तर तिला ते क्रूर वाटेल. तिचा हिशेब असा: काढलात तर खा. खायचा नसेल तर त्याच्या दारात जाऊ नका. भूक हे तिच्या लेखी कारण आहे, कुतूहल हे नाही. मी शिकले, मला कुतूहल कळतं. तरी तिचा हिशेब मला खोडता येत नाही. आणि खरं बोलायचं तर आमच्याकडेही सगळं धुतल्यासारखं नाही. डोल ही ओढीवर तोंड उघडून बसलेली पिशवी. उधाणात बोंबील आणि जवळ्याबरोबर बोटाएवढी पिल्लंही तिच्यात येतात. पावसाळ्यात 1 जून ते 31 जुलै बंदी असते, नारळी पौर्णिमेला नारळ वाहून होड्या निघतात, आम्ही समुद्राला विसावा दिला असं म्हणतो. पण बंदी उठल्यावर पहिल्या आठवड्यात काय काय जाळ्यात येतं ते मी पाहिलं आहे. म्हणून कोळी म्हणजे शहाणा आणि हौशी म्हणजे वेडा असं मी म्हणणार नाही. मी एवढंच म्हणते की आम्हाला चूक परवडत नाही. मासा गेला की आमचं घर हलतं. तुमचा छंद बदलेल, तुम्ही डोंगर चढायला जाल.

हौशी : आता मी एक विचारू का? राग मानू नका. तुम्ही स्वतः खडपावर शेवटच्या कधी गेलात?

साशंक : ... नऊ वर्षं झाली.

हौशी : मी गेल्या पुनवेला गेलो होतो. हे मी तुम्हाला हरवायला म्हणत नाही. पण विचार करा. तुमच्या आईचं ज्ञान तुमच्यापर्यंत अर्धं आलं, तुमच्या मुलांपर्यंत किती जाईल? तुम्ही नोकरीला लागलात, तुम्हाला लागावंच लागलं, त्यात दोष कुणाचा नाही. पण आज उधाणाच्या ओहोटीला वरळीच्या खडकावर वाकलेल्या बायका मी मोजल्या तर बोटावर मोजण्याइतक्या असतात, आणि त्यांच्यातली एकही तरुण नसते. मग ती जागा अजून जिवंत आहे की नाही, यंदा कालवं कमी आली की जास्त, बोय कुठे चरते, हे पाहणारं कोण उरलं? माझ्यासारखा बिनगरजेचा माणूस. तुमचा हक्क वारशाने आलेला आहे, मान्य. पण हजेरी माझी आहे. आणि खडकाला वारसा कळत नाही.

साशंक : हे मला लागलं. आणि ते खरं आहे, म्हणून लागलं. पण हजेरीबद्दलही नीट बोलू. आई खडपावर जायची तेव्हा तिला तिथून काही घरी न्यायचं असायचं, आणि ते उद्याही मिळावं म्हणून ती एका जागी दोन उधाणं लागोपाठ कधी फोडायची नाही. जागा पाळीपाळीने घ्यायची. हे कुठे लिहिलेलं नव्हतं, दुसऱ्या बायकांनाही ठाऊक असायचं, आणि कुणी मोडलं तर विहिरीवर तोंडावर बोलायच्या. म्हणजे तिची हजेरी एकटीची नव्हती, चार जणींच्या नजरेखाली होती. तुमची एकट्याची आहे. तुम्ही चुकलात तर तुम्हाला कोण बोलणार? त्या मेलेल्या चिंबोरीने तुम्हाला सांगितलं, नशीब तुमचं की तुम्ही ऐकणाऱ्यांतले. दुसरा गळवाला ऐकेल याची खात्री काय?

हौशी : नाही, खात्री नाही. म्हणूनच मी वही ठेवतो. सोळा वर्षं झाली. तारीख, तिथी, भरतीची वेळ, वारा, पाण्याचा रंग, काय मिळालं, काय दिसलं. कालवंसुद्धा लिहिली आहेत. पहिल्या दोन वर्षांनंतर, कारण सुरुवातीला मलाही ती दिसायची नाहीत. भराव पडायच्या आधीची नोंद त्यात आहे.

साशंक : भरावाच्या आधीची? काका, ती वही तुम्ही कुणाला दाखवली आहे?

हौशी : नाही. आणि का नाही, ते सांगायची मला लाज वाटते. गळवाले आपली जागा सांगत नाहीत. सांगितली की पुढच्या पुनवेला तिथे पंधरा जण उभे असतात. एकदा मी एका ओळखीच्या मुलाला बँडस्टँडखालची एक कपार दाखवली होती, चांगल्या मनाने. वर्षभरात तिथे हेकरू दिसेनासा झाला. त्या दिवसापासून वहीत जागेच्या रकान्यात मी आकडे लिहितो. एक, दोन, सात, अकरा. कुठला आकडा म्हणजे कुठला खडक, ते माझ्या डोक्यात आहे.

साशंक : म्हणजे उद्या कुणी म्हणालं की इथे काहीच नव्हतं, नुसता काळा खडक होता, तर तुमची सोळा वर्षं काही सिद्ध करणार नाहीत. अकरा म्हणजे कुठे हे कोण सांगणार? आणि नाव लिहिलंत तर पंधरा रॉड येणार.

हौशी : तोच पेच आहे. लपवलं तर भराव पडतो, दाखवलं तर गर्दी पडते. मला अजून सुटलेला नाही.

साशंक : आईनेही तेच केलं होतं. चांगली जागा तिने मलाही लवकर दाखवली नाही. म्हणायची, तुझ्या तोंडात राहत नाही. तिला वाटायचं, न बोलल्याने खडप वाचतं. शेजारणीपासून ते वाचलंच. तेव्हा धोका शेजारणीचाच होता... तुमच्या वहीत अकरा आकडे आहेत, तिच्या तोंडात तीसेक नावं असतील. जुळतील का?

हौशी : काही जुळतील. खुणा सांगितल्या तर मी ओळखेन. तुमच्या आई चालू शकतात का अजून?

साशंक : गुडघे गेलेत. काठापर्यंत येईल, तिथून हाताने दाखवेल. पण आधी तिला विचारायला हवं, आणि ती काय विचारेल तेही मला आत्ताच ठाऊक आहे.

हौशी : काय?

साशंक : ‘वही कुणाच्या घरी राहणार?’